आत्तींबरोबर टिळकवाडी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सासूबाई बेळगावात आल्या. एक ट्रंक, दोन पोती आणि एक जिवंत कोंबडी! कोंबडी मी आल्या जीपनं परत पाठवली. त्यावरून पहिल्याच तासात तोंड फुगलं. "रोज अंडं दिलं असतं की तिनं." मी म्हटलं, आत्ती, टिळकवाडीत कोंबडी चालत नाही. "मंग काय चालतं हितं?"

मी ट्रंक आत ओढली.

ओमकारचा फोन आधीच येऊन गेलेला. आईची साखर फार वाढलीय, गावात एकटी नको, कणकुंबीच्या रस्त्यावरचं ते घर, रात्री काही झालं तर शेजारी हाकेच्याही अंतरावर नाही. "दोन महिने तुझ्याकडे ठेवशील?"

तुझ्याकडे. आपल्याकडे नव्हे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, मराठी नाही. पण एवढं व्याकरण मलाही कळतं.

१८ नोव्हेंबर

इथं लिहिते, कारण बोलायला दुसरी जागा नाही.

ओमकार आणि मी वेगळे होणार. गणपतीला तो आलेला तेव्हा ठरलं. भांडण नाही, आदळआपट नाही. तो पुण्यात नोकरीला गेला, मी इथं राहिले. आधी दर शनिवारी यायचा. मग महिन्यानं. मग सणाला. मग सणालासुद्धा पाहुण्यासारखा, "टॉवेल कुठं असतो गं?" असं विचारत. शेवटी त्यानंच म्हटलं, हे असं ओढत कशाला न्यायचं? मी हो म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की दोघांनाही वाईट वाटलं.

"आईला मी सांगतो. संक्रांतीला येईन तेव्हा. तोवर तू काही बोलू नकोस."

म्हणजे सध्या मी होऊ घातलेली माजी सून, आणि पलीकडच्या खोलीत घोरतायत त्या होऊ घातलेल्या माजी सासूबाई. त्यांना औषध द्यायचं, पथ्य सांभाळायचं, फिरायला न्यायचं.

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. का, ते उद्या लिहीन.

१९ नोव्हेंबर

नाही सुचलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं चालणं! डॉक्टरांचा हुकूम आहे — रोज सकाळी, झपझप, घाम येईपर्यंत. आत्ती डॉक्टरांना म्हणाल्या, "सारा जन्म चाललो की मी. आता म्हातारपनात बसवून ठेवा म्हटलं, तर पुन्हा चाल म्हंतासा." डॉक्टर हसले आणि आणखी एक गोळी लिहिली.

ओमकारनं पुण्याहून बूट पाठवलेत. पांढरे, गुलाबी नाड्यांचे. आत्तींनी ते देव्हाऱ्याखाली ठेवले. चालायला चपलाच.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात नेलं. मला वाटलं, जुनी झाडं बघून खूश होतील. जंगलातून आलेल्या बाईला मी झाडं दाखवायला नेलं! त्या झाडांकडे बघेनातच. माणसांकडे बघत राहिल्या.

"ही मानसं कुठं निघाल्यात?"

"कुठं नाही. फिरतात."

"व्हय, पर कुठं?"

"गोल. परत इथंच यायचं."

"मंग घरातच बसायचं की!"

तेवढ्यात पलीकडे हास्य क्लब सुरू झाला. हात वर करून सगळे एका सुरात हा-हा-हा. आत्तींनी माझा दंड पकडला. "कोन पडलं गं?"

मला हसू आवरेना. वाकून वाकून हसले. क्लबवाल्यांनी लांबून हात केला — या, या! त्यांना वाटलं, नवीन सभासद.

बऱ्याच महिन्यांनी अशी हसले. त्यांच्यासमोर हसायला नको होतं. सवय लागायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

लाज! येताना आत्तींनी वाटेत पडलेल्या वाळक्या काटक्या गोळा केल्या. नको म्हटलं. "आगं, फुकाटचं जळान!" माझ्याही हातात अर्धी मोळी दिली. घरात चूल नाही, अंगणात बंब नाही, आणि शुक्रवार पेठेतून मी, पीएचडी, काटक्यांची मोळी घेऊन चाललेय. फाटकातच घरमालकीणबाई उभ्या. कल्याणीकाकू. वर राहतात त्या आणि केशवराव, आम्ही खाली.

"गॅस संपला का हो?"

"नाही काकू. सासूबाई..."

"छान छान. निसर्गाची आवड दिसते."

मग आत्तींकडे वळून प्रेमानं, "कुठवर गेला होता?"

"त्या फाटकापातूर गेलतो."

"गेलतो नाही हो. 'गेले होते' म्हणायचं. बायकांनी."

आत्ती काटक्या खाली ठेवत म्हणाल्या, "मी गेलतो का गेलती, चालल्यात तर माझंच पाय की."

काकू वर गेल्या. मी काटक्या उचलल्या. पहिल्यांदा त्या जड वाटल्या नाहीत.

२८ नोव्हेंबर

आत्ती रस्त्यात दिसेल त्याला थांबवतात. "कुनाची गं तू?" "ह्या कानात काय घातलंयसा, कान फुटलाय व्हय?" मी या भागात राहतेय त्याला बरीच वर्षं झाली. समोरच्या बंगल्यात कोण राहतं हे मला माहीत नव्हतं. आत्तींना आठवडाभरात माहीत! तिथली सून बाळंतपणाला आलीय — नव्हे, सून नाही, लेक. लेकीला मुलगी झालीय. जावई बघायला आला नाही अजून.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"इचारलं."

एवढं सोपं असतं?

१ डिसेंबर

काल चालण्यात नापास झाले. त्या पुढे, मी मागे. धापा माझ्या.

८ डिसेंबर, रविवार

उद्यापासून विधिमंडळाचं अधिवेशन. सरकार बेळगावात येणार म्हणून मुख्य रस्ते झाडून लख्ख. खड्डे बुजवलेत तेही फक्त मोटारी जाणार त्या वाटेवरचे. आमच्या गल्लीतले तसेच. मंत्र्यांना चालायची सवय नसते हे बरंय.

आज सुट्टी, म्हणून लांब फिरलो. शुक्रवार पेठेतून मंगळवार पेठेत, तिथून सोमवारात. आत्तींना वारांच्या पेठांची भारी गंमत. "आज आयतवार, आपन शुक्रवारात ऱ्हातो, मंगळवारात चाललो, आनी घरी जाऊस्तोवर सोमवार!" एका कोपऱ्यावर राजाबाई फुलं घेऊन बसते. तिच्याजवळ आत्ती रोज पाच मिनिटं टेकतात. दोघी कन्नडात बोलतात. मला वाटायचं आत्तींना कन्नड येत नाही. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं. दूधवाल्याशी मराठी, राजाबाईशी कन्नड, गल्लीतल्या कुत्र्यांशी दोन्ही.

दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून या गावात काय काय झालंय! मी आत्तींना पाटी दाखवून सांगायला लागले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"मला दोनी सारखंच गं. वाचाय येतंय कुनाला?"

एका जुन्या बंगल्याच्या कुंपणावरून शेवगा बाहेर आलेला. मी दम भरायच्या आत चार शेंगा ओटीत!

१५ डिसेंबर, रविवार

तीन दिवस ताप. काही लिहिलं नाही.

आत्तींनी हुलग्याचं माडगं केलं. वरून लसणाची फोडणी. कपाळावर हात ठेवला, तो उचललाच नाही. खरखरीत हात, कोयत्यानं घट्टे पडलेला. आई शहापुरातून फोनवर म्हणाली, "येऊ का?" म्हटलं, नको, आत्ती आहेत. बोलून गेले आणि मग तापातही घाम फुटला.

आईला सगळं ठाऊक आहे. आधी ताप किती ते विचारलं. मग — "त्यांना आत्ती म्हणायचं सोड आता हळूहळू. पुढं जड जाईल."

२२ डिसेंबर

ओमकारचा फोन. आईची साखर किती, आई झोपते का, आईला कंटाळा येतो का. सगळी चौकशी झाल्यावर, "आणि तू?"

"बरी."

"बरं मग."

एकूण हे आमचं चांगलं चाललेलं लग्न.

फोन ठेवला तर आत्ती दारात. "माझ्यापरीस तुझ्याशी कमी बोलतो त्यो."

"तो कामात असतो आत्ती."

"त्याचा बा बी कामात असायचा. रानात. तरी माझ्याशी भांडाय वेळ काढायचा." आणि लसूण सोलायला बसल्या.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. ओमकार आला. आज सांगणार.

सकाळी म्हणाला, जेवल्यावर सांगतो. जेवल्यावर म्हणाला, आईला जरा पडू दे. आई उठल्यावर म्हणाला, चहा झाल्यावर. चहा झाल्यावर आईनं तिळगूळ दिला, "ग्वाड बोल" म्हणाली. झालं! आता कडू कसं बोलणार? चारला बॅग उचलली. दारात मला हळूच, "मला जमत नाहीय गं. तूच सांग ना. तुझं नि तिचं चांगलं जमतं."

आमचं दोघींचं चांगलं जमतं, म्हणून मी तिला सांगायचं की आमचं दोघांचं जमलं नाही!

गाडी वळेपर्यंत आत्ती फाटकात उभ्या होत्या. "लई वाळलाय," म्हणाल्या.

मी फाटकाची कडी लावली.

१६ जानेवारी, गुरुवार

सांगितलं.

नीट लिहिते. सकाळी चालून परत येताना दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आलो आणि फाटक पडलं. स्कूटर, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, भाजीचा गाडा, फिरून परतणारे बूटवाले. सगळे अडकलेले. मालगाडी आली. ही लांबच्या लांब. माझ्या मनात आलं, आत्ताच. आवाजात म्हणजे बरं पडेल. त्यांचं तोंड बघावं लागणार नाही.

म्हटलं, "आत्ती, मी आणि ओमकार वेगळे होतोय."

"आँ?"

"आम्ही दोघं. वेगळं."

"काय वगळं?"

डबे संपेनात. मी कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडले, "आत्ती! ओमकारचा आणि माझा घटस्फोट होतोय!"

आणि नेमका त्याच क्षणी शेवटचा डबा निघून गेला.

एवढी शांतता या गेटावर मी कधी ऐकली नव्हती. सगळी टिळकवाडी माझ्याकडे बघत होती. हास्य क्लबचे दोघे होते. केशवरावही होते, हातात दुधाची पिशवी. एका रिक्षावाल्यानं इंजिन चालू करता करता थांबवलं.

फाटक उघडलं. कुणी हलेना. पहिल्यांदा आत्तीच हलल्या. रूळ ओलांडले आणि चालत सुटल्या. मी मागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, झपझप, घाम येईपर्यंत.  घरी आल्यावर चपला काढल्या, पाय धुतले, भाकरी थापायला बसल्या. माझ्या ताटात दोन वाढल्या. स्वतः जेवल्या नाहीत.

१७ जानेवारी

बोलत नाहीत. चालायला आल्या नाहीत.

१८ जानेवारी

तेच. मी एकटी गेले. राजाबाईनं विचारलं, "आक्का येल्ली?" कुठंय, म्हणून. मी कन्नडात उत्तर जुळवलं, बरं नाही म्हटलं. तिनं अबोलीचा एक गजरा दिला, "आक्काला दे."

आत्तींनी गजरा घेतला. देवाला घातला. मला नाही, स्वतःलाही नाही.

१९ जानेवारी, रविवार

गेल्या! सकाळी उठले तर ट्रंक दारात. "कुठं?" "हाय जरा काम." मी सोडते म्हटलं, स्टँडपर्यंत तरी. "मला पाय हायत."

तर अशा रीतीनं. शेवटी आई त्याचीच. मी कशाला दुसरं काही धरून चालले होते? माडगं केलं म्हणून? आई बरोबर म्हणाली होती.

देव्हाऱ्याखाली बूट तसेच आहेत. ते तरी न्यायचे.

दिवसभर रडले नाही. संध्याकाळी शेवग्याची भाजी करायला घेतली आणि शेंग मोडता मोडता रडले. मूर्खासारखी.

२२ जानेवारी, बुधवार

केशवराव खाली आले. सोबत काकू. बसले. हवापाण्याच्या गोष्टी. केशवरावांनी वकिली सोडली तेव्हापासून ते व्याख्यानं देतात. गेल्या वर्षी मीच त्यांना कॉलेजात बोलावलं होतं. विषय — स्त्रीचा आर्थिक स्वाभिमान. सुंदर बोलले होते. मुली वह्यांत उतरवून घेत होत्या.

"आमचं काहीच नाही हो, निवेदिता. आम्ही पुरोगामी माणसं. पण काय आहे, आमचा आशुतोष परत यायचं म्हणतोय. बोस्टनहून. मग खालची जागा लागेल. मार्चअखेर जमेल का?"

"आशुतोष येतोय? वा!" मी काकूंकडे बघितलं.

काकू प्रामाणिक. गोंधळून म्हणाल्या, "कधी? मला कुठं बोलला?"

केशवराव उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, "खंबीर राहा. आजच्या स्त्रीनं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे."

पायावर उभी राहीन. कुठं, एवढाच प्रश्न आहे.

२९ जानेवारी, बुधवार

कॉलेजातून आले तर आत्ती पायरीवर बसलेल्या! ट्रंकेवर डोकं टेकून झोपलेल्या. तोंड उन्हानं काळवंडलेलं. मी हलवलं तर डोळे उघडले. "पानी दे."

पुण्याला गेल्या होत्या! एकट्या. एसटीनं. आयुष्यात पहिल्यांदा. ओमकारचा पत्ता एका कंडक्टरला दाखवला, त्यानं दुसऱ्याच्या हवाली केलं, दुसऱ्यानं रिक्षात बसवलं. दार उघडल्यावर ओमकार किती वेळ "आई?" एवढंच म्हणत होता म्हणे. मला का कळवलं नाही त्यानं? आत्तींनीच बजावलं होतं, सांगायचं न्हाय.

मी चहा दिला. मग त्याच बोलल्या.

"मी कशाला गेलतो, म्हाईत हाय? मला वाटलं, तिथं कोन तरी असंल. बाई. असती तर दोन शिव्या घालून आलो असतो."

"मग?"

"कोन बी न्हाय गं! आठ दिस हुडकलं मी. कपाटात बघितलं, न्हानीघरात बघितलं. एक बी केस न्हाय बाईचा. एकटाच ऱ्हातो. डबा येतो. जेवतो, त्यो टीव्ही लावतो, झोपतो. आनी..." कप खाली ठेवला. "आनी सुखात हाय, निवेदिता. तेच्या तोंडावर दिसतं. कुनाची वाट बघत न्हाय त्यो. आता शिव्या कुनाला घालू?"

लग्न झाल्यापासून त्यांनी माझं पूर्ण नाव पहिल्यांदा घेतलं. एरवी "आगं"च.

मी म्हटलं, "मलाही नाही सापडलं आत्ती, शिव्या घालायला कुणी."

"तू का गप ऱ्हायलीस मंग इतकं दिस? मला कशाला ठिवून घेतलीस?"

दोन महिने याचंच उत्तर शोधतेय. जे तोंडात आलं ते बोलले. "घरात कुणीतरी हवं होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "भाकरी हाय का? पुन्यात कायतरी मऊमऊ खाल्लं आठ दिस."

३० जानेवारी

चाललो. गेटाजवळ आलो तर मी थांबले. त्या म्हणाल्या, "चल की. आता काय ऱ्हायलंय सांगायचं?"

५ फेब्रुवारी

घर शोधतेय. याच भागात हवं. कॉलेज चालत जाता येतं, आणि इथल्या झाडांची सवय झालीय. खरं सांगायचं तर इथून जाणं म्हणजे केशवराव बरोबर ठरणं.

आजची घरं:

पहिल्या ठिकाणी — "मिस्टर काय करतात?" म्हटलं, पुण्याला असतात. "मग येऊन जाऊन असतात?" नाही. "मग?" वेगळे होतोय. "अच्छा. आमचं घर जरा लहान आहे हो." तीन खोल्या, मागं अंगण.

दुसऱ्या ठिकाणी थेट — "आम्ही फॅमिलीलाच देतो." फॅमिली म्हणजे कमीत कमी किती माणसं लागतात, विचारलं. त्यांना विनोद वाटला.

तिसऱ्या बाईंना सगळं पसंत होतं. फक्त, "तुम्हाला भेटायला कोण कोण येतं?" म्हटलं, सासूबाई. बाई गोंधळल्या. त्यांच्या वहीत हा रकाना नसावा.

सुशिक्षित वस्ती. नाही म्हणतानाही पाणी विचारतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

कोर्ट. पहिली तारीख. ओमकार आदल्या दिवशी येऊन लॉजवर उतरला. मी सुट्टी काढली. आत्ती म्हणाल्या, "मी बी येतो." नको म्हटलं तर, "माझ्या घरातलं हाय. मी न्हाय तर कोन?"

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही तिघं. मधे आत्ती. आमची वेळ होईना. दुपार झाली. आत्तींनी पिशवीतून डबा काढला! भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. पहिला तुकडा ओमकारला, दुसरा मला. आसपासचे पक्षकार बघायला लागले. एक वकील थांबून म्हणाला, "काय, तडजोड का?"

ओमकारला ठसका लागला. मी पटकन बाटली पुढं केली, पाठ थोपटली. सवय. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. ठसक्याचं होतं की दुसरं कशाचं, विचारलं नाही. आता विचारायचा हक्क संपत आला.

"सॉरी," म्हणाला.

"चटणी तिखट आहे," मी म्हटलं.

मग नाव पुकारलं. आत पाच मिनिटंही लागली नाहीत. दोघांची संमती आहे ना? आहे. विचार करून? करून. आता पुढची तारीख सहा महिन्यांनी.

बाहेर आलो. ओमकार आईला म्हणाला, "चल पुण्याला. तिकडे दवाखाने चांगले." आत्ती म्हणाल्या, "बघू." तो जाताना वाकून त्यांच्या पाया पडला, आणि सवयीनं माझ्याकडेही वाकला की काय असं वाटलं, पण तो बूट बांधत होता.

रिक्षात आत्ती रडल्या. पदर तोंडात घालून, आवाज न करता. रिक्षावाल्यानं गाणी बंद केली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही.

२४ फेब्रुवारी

शिवरात्रीसाठी आत्ती गावी गेल्या. यात्रा, काजूचा मोहर, घर बघायचं. कधी येणार विचारलं नाही. येणार का, हेही नाही. कुठल्या नात्यानं विचारू?

ट्रंक पुन्हा नेली. या वेळी बूटही नेले.

८ मार्च

कॉलेजात महिला दिन. प्रमुख पाहुणे केशवराव.

आभार मी मानले.

१५ मार्च, शनिवार

घर नाही मिळालं. एक मिळत होतं, त्यांना दोन पुरुषांची हमी हवी होती.

आईकडे जायचं ठरवलं. शहापुरात. माझी जुनी खोली भावानं साड्यांचे गठ्ठे ठेवायला घेतलीय, ती रिकामी करतोय. त्याची बायको मनानं चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच संकोच वाटतो. तिथून कॉलेजला बस. झाडं नाहीत, पण यंत्रमागांचा आवाज आहे. लहानपणी त्यावर झोप लागायची, आता लागेल का?

कॉलेजातून खोकी आणली. भांडी निम्मी भरली. आत्तींच्या काटक्यांची मोळी मागच्या दारी तशीच पडलीय. त्या कोणत्या खोक्यात भरतात?

सकाळी एकटी चालते. आता रस्त्यात माणसं मला थांबवतात. "आजी कुठं गेल्या?" समोरची बाळंतीण, दूधवाला, हास्य क्लबचे ते दोघे. मी म्हणते, गावी. "कधी येणार?" मी हसते. क्लबात घ्यावं असं हसते.

आत्तींना फोन लावला. लागला नाही. त्यांच्या गावात फोन झाडाखाली उभं राहिलं तरच लागतो.

२१ मार्च

राजाबाई कोपऱ्यावर नाही. दोन दिवस झाले. कुणी म्हणतं, कुठं तरी गेलीय पाहुण्यांबरोबर.

उद्या खोकी न्यायला भाऊ टेम्पो पाठवतोय.

२२ मार्च, शनिवार

टेम्पो परत पाठवला.

सकाळीच दार वाजलं. आत्ती! पायात पांढरे बूट, गुलाबी नाड्या, मागे राजाबाई. "चप्पल घाल. बघून येऊ." काय बघून, विचारलं तर दोघी चालायला लागल्या. मंगळवार पेठेच्या टोकाला, फणसाच्या झाडामागं, दोन खोल्या आणि मोरी. राजाबाईच्या ओळखीच्या निवृत्त नर्सबाईंचं घर. करारही झालेला! भाडेकरू म्हणून नाव जयाबाईंचं, म्हणजे आत्तींचं, खाली त्यांचा अंगठा. गावचं घर आणि रान पुतण्याला वाट्यानं करायला देऊन आल्यात.

नर्सबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि ह्या कोण तुमच्या?"

मी आत्तींकडे बघितलं. आत्तींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्याकडं भाड्यानं ऱ्हानार हाय," म्हणाल्या. "चांगली हाय. माझ्या वळखीची."